हल्या आणि चिमणी

लग्न होऊन मी आसगावला आले तेव्हा माझ्या बॅगेत, साड्यांच्या तळाशी, जुन्या ओढणीत गुंडाळलेला एक व्हिडिओ गेम होता. दोन हातांत धरून खेळायचा, करड्या रंगाचा, कोपरे घासून पांढरे पडलेले. मी सातवीत असताना वडिलांच्या ऑफिसातल्या साहेबांनी तो दिला होता. त्यांच्या मुलाला नवा मिळाला आणि जुना मोहाडीला आमच्या घरी आला. सोबत कॅसेट एकच होती, म्हणून मी तीच खेळत राहिले. शाळा संपली, कॉलेज संपलं, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाची वर्षं गेली, तरी तो माझ्या उशाखाली असायचा. पण शेवटपर्यंत मी कधी पोचले नव्हते.

सासरी न्यावी अशी ती वस्तू नव्हे, हे मलाही कळत होतं. मम्मी म्हणालीच होती, "लोक काय म्हणतीन? सून आणली का पोट्टी आणली?" तिच्यासमोर मी बॅग भरली आणि ती पाणी प्यायला उठली तेवढ्यात गेम आत सरकवला.

नवरा नागपूरला एका कंपनीत होता. तीन मित्रांसोबत एका खोलीत राहायचा. दिवाळीनंतर वेगळी खोली घेऊ, तोवर तू आईबाबांजवळ राहा, असं ठरलं होतं. तो शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या बसने जायचा. बाकीचे दिवस घरात आम्ही तिघंच, मी आणि सासूसासरे.

सासूबाईंना मी बसलेलं असं पाहिलंच नव्हतं. जेवतानासुद्धा त्यांचा एक गुडघा उभा असायचा, म्हणजे लगेच उठता यावं. त्या रागीट नव्हत्या, पण मला त्यांची भीती वाटायची, कारण मी कुठल्याही कामाला हात घालावा तर ते त्यांनी आधीच केलेलं असायचं. मी झाडू शोधत बाहेर यावं तर अंगण झाडून, शिंपून तयार. मी त्यांच्याशी जपून, शाळेत बोलावं तशा मराठीत बोलायची. "आई, आपण चहा घेणार का?" असं. त्या माझ्याकडे एकदा बघायच्या आणि स्वतःच चहा टाकायच्या.

रोवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात त्यांचा अपघात झाला. धानाच्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंड्या डोक्यावर घेऊन बांधीच्या, भाताच्या खाचराच्या, धुऱ्यावरून चालताना पाय घसरला आणि घोट्याजवळचं हाड मोडलं. आधी पवनीला नेलं, तिथून भंडाऱ्याला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर बसलं आणि दीड महिना पाय जमिनीला टेकवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं.

सासऱ्यांनी त्यांची बाज समोर सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, टाकली. आत कोंदटायला नको, वारा लागावा, चार माणसं दिसावीत म्हणून. पण समोरच रस्ता होता आणि त्या रस्त्यानं सकाळी बाया रोवणीला जायच्या. सासूबाई प्रत्येकीला हाक मारून विचारायच्या, "आज कोणाच्या बांधीत व? चिखल बरा झाला का?" बाया निघून गेल्या की त्या तोंड फिरवून पडून राहायच्या. संध्याकाळी त्याच बाया पांढऱ्या साड्या नेसून विहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला जायच्या. तेही यांना बंद.

मग उरले मी. भाताची पेज काहून टाकली, कपडे उलटे काहून वाळत घातले, कोंबड्या अजून काहून नाही कोंडल्या. त्या बाजेवरून ओरडायच्या आणि मी घरभर पळायची. दुपारी सासरे शेतात गेले की घरात एवढी शांतता व्हायची की त्यांचा उसासा मला आतल्या खोलीत ऐकू यायचा.

अशाच एका दुपारी त्यांचा डोळा लागला असं समजून मी गेम बाहेर काढला. त्याच्या पडद्याला मागून उजेड नाही, दिवसाच्या प्रकाशात धरला तरच दिसतो. म्हणून मी सपरीच्या दाराच्या उंबऱ्यावर, त्यांच्याकडे पाठ करून बसले. आवाज कमी करायचं चाक कधीच तुटलेलं. त्यामुळे सुरू करताच तो आपली टुणटुण वाजवू लागला.

"काय होय थे?"

मी दचकले. "काही नाही आई. जुना गेम आहे. ठेवते."

"ठेवू नको. आण इकडे."

मी घाबरतच बाजेजवळ गेले. त्यांनी नेत्रशिबिरात मिळालेला चष्मा लावला आणि पडद्यावर वाकून पाहू लागल्या.

त्या गेममध्ये दोघं आहेत. एक छोटी मुलगी, टुणकन उंच उडी मारणारी. आणि एक जाडजूड प्राणी, धड अस्वल नाही, धड हत्ती नाही. त्याला उडी मारता येत नाही, पण तो दगड ढकलतो, भिंत फोडतो आणि त्याच्या डोक्यावर मुलगी उभी राहू शकते. एका वेळी दोघांतल्या एकालाच चालवता येतं. बटन दाबलं की दुसऱ्याची पाळी. दोघंही दारापाशी पोचले तरच दार उघडतं आणि पुढचा टप्पा येतो. असे टप्पे पार करत त्यांना स्वतःच्या घरी जायचं असतं.

मी मुलीला दोन उड्यांत वरच्या फळीवर नेलं. सासूबाई म्हणाल्या, "अवं, थो मोठा खालीच राहिला नं."

"त्याला नंतर नेते."

"नंतर काहून? त्याले घे नं सोबत. थो एकटा उभा आहे किती वेळचा."

मी सांगितलं, तो काही थकत नाही, चित्र आहे ते. त्यांना ते पटलं नाही. मी बटन दाबून त्याला हलवलं आणि त्याची चाल पाहून त्या हसल्या. पाय मोडल्यापासून पहिल्यांदा. "हल्याच होय बाप्पा हा," त्या म्हणाल्या. हल्या म्हणजे रेडा. त्या दिवसापासून तो हल्या झाला आणि मुलगी झाली चिमणी.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनीच विचारलं, "कुठं आहे थो?"

सुरुवातीला त्या नुसत्या बघायच्या. मग मी त्यांच्या हातात दिला. रोवणीनं त्यांच्या बोटांना भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांतला चिखल अजून पुरता गेला नव्हता. त्या बटन इतक्या जोरात दाबायच्या की मला वाटायचं आता मोडणार. हल्या डावीकडे वळला की त्या स्वतःही डावीकडे वळायच्या, प्लास्टरचा पायसुद्धा ओढला जायचा. खड्डा आला की त्यांना थांबता यायचं नाही. हल्या पुन्हा पुन्हा खड्ड्यात. "अरे बाप्पा, मेला," म्हणून त्या कपाळाला हात लावायच्या. तो टप्पा पुन्हा सुरू होऊन हल्या परत उभा राहिला की हळूच म्हणायच्या, "चुकलं रे माझं."

मग आमची वाटणीच झाली. हल्या त्यांचा, चिमणी माझी. मी बाजेच्या कडेला बसायची आणि पाळी बदलली की गेम एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जायचा. खेळ अडायला नको म्हणून मी घाईत बोलू लागले, "आई, त्याले मागं घ्या, मागं घ्या, दगड पडून राहिला!" मोहाडीला घरी बोलायची तशी माझी बोली तोंडातून निघत होती. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे बरं आहे. थे तुयं रेडिओसारखं बोलणं मले समजेच ना."

त्या टप्प्यांना त्या 'घर' म्हणायच्या. मी विचारलं, घर काहून? त्या म्हणाल्या, "बिल्लसात घरंच असते नं." जमिनीवर घरं आखून ठिकरीनं खेळायचं ते बिल्लस त्या लहानपणी खूप खेळायच्या. पण पाठचा भाऊ सतत कडेवर असायचा, कारण आई मजुरीला जायची. "त्याले घेऊनच एका पायावर उड्या मारो मी. थो रडे, तरी मी खेळो. मग पोट्ट्या म्हणाल्या, तुमी दोघं मिळून एक खेळता, तुयं घर धरत नाही आमी." त्या हसत सांगत होत्या. पुढे शाळा सुटली आणि बिल्लसही सुटलं. "लगन झाल्यावर कोण खेळू देते?" एवढं बोलून त्यांनी गेम माझ्या हातात दिला. "घे, तुयी पाळी."

अडचण सेलची होती. त्याला दोन पेन्सिल सेल लागत आणि तो खेळ कुठपर्यंत आलोय हे लक्षात ठेवत नसे. बंद झाला की पुन्हा पहिल्या घरापासून. त्यामुळे आम्ही रोज दुपारी पहिल्यापासून सुरू करायचो आणि सुरुवातीची घरं तर सासूबाईंना इतकी पाठ झाली की त्या एकीकडे लसूण सोलायला सांगत खेळायच्या. पण बरंच पुढे जावं आणि पडदा फिका पडत पडत विझावा, असं दोनदा झालं. गावातल्या दुकानातले सेल हलके असत. तिसऱ्यांदा पडदा विझायला लागला, तेव्हा नवे सेल घरात नव्हतेच. सासूबाई म्हणाल्या, "टीव्हीच्या रिमोटात कोणते असते?"

तेच असतात. मी काढून आणले. सेल बदलताना खेळ पुसला गेलाच, तरी पुन्हा सुरुवात करून आम्ही चांगली मजल मारली आणि रिमोटात परत टाकायला विसरलो. संध्याकाळी सासरे बातम्या लावायला बसले. बटन दाबलं, रिमोट आपटला, तळहातावर मारला.

"याले काय झालं?"

"पावसाचे दिवस आहे. सर्द झाला असन," सासूबाई बाजेवरून शांतपणे म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून उभी होते.

सासऱ्यांनी रिमोटचं मागचं झाकण उघडलं. आत रिकामं. दुसऱ्या दिवशी पवनीहून खत घेऊन आले, तेव्हा सेलचं एक पाकीट त्यांनी बाजेवर ठेवलं. "माया रिमोटले हात लावू नको," म्हणाले आणि पाय धुवायला निघून गेले. त्यानंतर ते दुपारी घरी असले की येता-जाता विचारायचे, "पोचला का हल्या?"

पण हल्या एका घरात अडकला होता. शाळेपासून मी तिथेच अडकत आले होते. त्या घरात हल्याला एका खोल विहिरीसारख्या जागेत उतरवावं लागतं, तळाशी एक फरशी आहे, तिच्यावर तो उभा राहिला की चिमणीसाठी वरचा रस्ता खुलतो. पण मग हल्याला वर यायला वाटच नाही. बाजूला एक दांडा आहे. तो ओढला की पाणी सुटतं. मी तो कधीच ओढत नसे, कारण पाण्यात चिमणी बुडते हे आधीच्या घरांत मी पाहिलं होतं.

सासूबाई हल्याला त्या विहिरीत उतरवायलाच तयार नसायच्या. "थो वर कसा येईन?"

"आधी उतरवून तं पाहू, आई."

"पाह्यलं नं काल. परवाही पाह्यलं."

मी चिडले होते. त्यांच्या हातातून गेम घेतला आणि मीच हल्याला खाली सोडलं. चिमणी वर दारापाशी जाऊन उभी राहिली. हल्या तळाशी. पुढे काही होत नव्हतं. सासूबाई पडद्याकडे बघतच म्हणाल्या, "तुमचं काय, तुमी जासान नागपूरले. खाली राहणारा राहते खाली."

मी उठून आत गेले आणि चहा मांडला. दूध उतू जाईपर्यंत माझं लक्ष नव्हतं. दिवाळीनंतर मी जाणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्याबद्दल त्या कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मला वाटायचं, मी गेल्यावर त्यांना मोकळंच वाटेल. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांनी गेम बंद करून ठेवला होता. कपातून एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "साखर टाकली नाही तू."

खरंच टाकली नव्हती. मी साखर आणायला वळले, तर माझा हात धरून म्हणाल्या, "राहू दे. बस. मी उगाच बोलतो."

मी बसले. आम्ही दोघी तो बिनसाखरेचा चहा प्यायलो. मग त्यांनी स्वतःच गेम सुरू केला, पहिल्या घरापासून.

प्लास्टर निघालं तेव्हा रोवणी उरकून निंदण सुरू झालं होतं. काठी घेऊन त्या घरातल्या घरात चालू लागल्या, पण शेतात जायची परवानगी नव्हती. म्हणून निंदणाच्या बायांसाठी शिदोरी घेऊन मी जाऊ लागले. एक दिवस परतताना पाऊस आला. एका मांडवाखाली मी बराच वेळ थांबले. घरी आले तर सासूबाई सपरीत बाजेवर बसलेल्या, दोन्ही पाय खाली सोडून. गेम मांडीवर, बंद.

"झालं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, बिघडला. "काय झालं? पडला का?"

"गेले थे. दोघंही घरी गेले."

मी ओल्या साडीनिशी तशीच त्यांच्यासमोर बसले. "त्या विहिरीतून?"

"माया हात कुठं पडला का मालूम. थो दांडा ओढल्या गेला. पाणी सुटलं. म्या तं डोळेच मिटले, मेला म्हटलं आता. पाह्यतो तं हल्या तरंगून राहिला! पाण्यासंगच वर आला. चिमणी उभी होती वर, तिच्या बाजूलेच लागला येऊन." त्या हातानं पाणी चढताना दाखवत होत्या. "मग दोन-तीनच घरं होती. सोपी होती. म्या म्हटलं तू येशीन तं दाखवीन, पण बंद केलं तं सगळंच जाते. खेळत राहिलो."

"अन् शेवटी? शेवटी काय आलं?"

त्यांनी नीट आठवून सांगितलं. एक डोंगर आहे. डोंगरावर घर आहे, घरातून धूर निघतोय. चिमणी दार उघडून आत जाते. हल्या जायला बघतो, पण दारात मावत नाही. तो बाहेरच बसतो. "मग चिमणी बाहेर येते. त्याच्यापाशी बसते."

"मग?"

"मग इंग्रजीत काहीतरी आलं. म्या बटन दाबलं. पुन्हा पहिलं घर."

एवढी वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते माझ्याविना होऊन गेलं होतं. पण त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला हसू आलं, आणि मी हसले म्हणून त्याही हसत सुटल्या. सासरे शेतातून आले तर आम्ही दोघी तशाच. "पोचला वाटते हल्या," ते म्हणाले.

रात्री नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, शेवट मोबाइलवर शोधून पाठवतो, असतीलच व्हिडिओ. मी नको म्हटलं.

दिवाळीनंतर मी नागपूरला निघाले. मला वाटत होतं, गेम त्यांच्याजवळ ठेवावा. पण त्यांनी तो माझ्या बॅगेत आधीच टाकला होता. "मले कापणी आहे," म्हणाल्या. "माया हातात विळा राहीन का हे राहीन?"

मळणी आटोपल्यावर त्या नव्या तांदळाचं पोतं घेऊन सासऱ्यांसोबत आमच्याकडे आल्या. खोली एकच, दुसऱ्या मजल्यावर. दुपारी सासरे बाहेर पडले, नवरा कामावर होता. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. आम्ही खिडकीखाली चटई टाकून बसलो आणि पहिल्या घरापासून सुरू केलं. विहिरीच्या घरात त्यांनी मला दांडा ओढायला लावला. पाणी चढत गेलं, हल्या हलत डुलत वर आला. पुढची घरं खरंच सोपी होती.

शेवटी डोंगर आला. डोंगरावर घर, घरातून धूर. चिमणीनं दार उघडलं आणि ती आत गेली. हल्या दारापाशी थांबला, मावला नाही, बाहेर बसला. दार लागलं. खाली इंग्रजीत दोन शब्द आले आणि धुराशिवाय सगळं चित्र तिथेच थांबलं. टुणटुणही थांबली.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या चष्मा पुसून पुन्हा पडद्यावर वाकल्या होत्या.

"आता येईन थे बाहेर," त्या म्हणाल्या. "बटन दाबू नको."

मी बटनावरून बोट काढलं. हल्या बसलेला होता. धूर निघत होता.

"चहा मांडला असन तिनं," मी म्हटलं. "येईन."

"हो नं. लगेच कशी येईन?" म्हणत त्यांनी पाय पसरले, पाठ भिंतीला टेकवली आणि गेम ऊन पडेल असा मांडीवर धरला.